चार भोकांची पट्टी

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर मापाची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आयत काढायला काही लागत नाही. एका कोपऱ्यावर क्लिक, माउस तिरका ओढला, दुसरं क्लिक, झाला आयत. गंमत पुढे आहे. त्याच्या कडेला सहज धक्का लागला तरी तो अंग चोरून अरुंद होतो, नाहीतर सगळाच्या सगळा पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. स्क्रीनवर सरळ दिसतं ते सरळ असतंच असं नाही, आणि मधोमध दिसतं ते मधोमध मुळीच नसतं.

हिशोब मात्र चोख असतो. सुट्या रेघेला दोन टोकं, प्रत्येक टोक आडवंही सरकणार आणि उभंही, म्हणजे ४ डिग्री ऑफ फ्रीडम, हलायच्या चार वाटा. चार रेघांच्या १६. कोपरे जुळवले की ८ गेल्या. दोन रेघा आडव्या, दोन उभ्या अशी ताकीद दिली की आणखी ४ गेल्या. लांबी ८०, रुंदी ५० टाकली की उरल्या दोन. या दोन कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. आयताचं माप ठरलं, पण तो राहतो कुठे? ओरिजिनपासून, म्हणजे पडद्यावरच्या शून्य बिंदूपासून, अंतर सांगेपर्यंत तो बिनपत्त्याचा. सांगितलं की रेघांचा रंग पालटतो, कुठे निळ्याच्या काळ्या होतात, फ्रीकॅड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या. हा रंग पालटताना पाहण्याचं समाधान ज्याला कळतं, त्याच्याशी माझं जमतं.

कमी सांगितलं तर पळतो, हे एक वेळ समजू शकतं. जास्त सांगितलेलंही चालत नाही, तिथे माझं डोकं फिरतं. काटकोन त्रिकोण घ्या. एक बाजू ३०, दुसरी ४०, मधे काटकोन. आता कर्णावर ५० लिहा. खोटं आहे का? शाळेतल्या पोरालाही विचारा. तरी सॉफ्टवेअर लाल-पिवळं होतं, ओव्हर-कन्स्ट्रेन्ड, म्हणजे अटी जास्त झाल्या, म्हणून ओरडतं. हा सरकारी खिडकीवरचा कारकून आहे. आधी म्हणतो पुरावा आणा, आणि दुसरा पुरावा दिला की म्हणतो हा कशाला आणलात! फार गयावया केली तर ते ५० कंसात टाकून नुसतं शोभेला ठेवतो. त्याच्यावर कुणी काही विचारायचं नाही, आणि ते बदलायचं तर अजिबातच नाही.

टॅन्जंटची, म्हणजे रेघ वर्तुळाला नुसती टेकवायच्या अटीची, तऱ्हा वेगळी. वर्तुळ रेघेला वरून टेकवलेलं असतं. त्रिज्या जरा बदलावी, तर ते टुणकन खालच्या बाजूला. रेघेला टेकलंय ना? टेकलंय. मग कुठल्या अंगाने, ते तुम्ही कुठे सांगितलं होतं? गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं बरोबर, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. बरं, हा छळ आजचा नाही. १९६३ साली एमआयटीमध्ये इव्हान सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ या नावाने प्रबंधच लिहिला. लाइट पेनने पडद्यावर वेडीवाकडी रेघ ओढायची, मग संगणकाला सांगायचं की हिला तिला समांतर कर. माणसाचा हात सरळ चालत नाही, हे त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं, हा मोठेपणा.

भोकांकडे येतो. त्या आयताचीच पट्टी, तिच्यावर चार, प्रत्येकी ६ मिलिमीटर. मापं डाव्या कडेपासून दिली, तर ८० ची पट्टी ६० ची करताच ७० वर बसलेली उजवीकडची दोन भोकं हवेत लटकतात. पट्टी संपली तरी ती इमानदारीत ७० वर. म्हणून शहाणी माणसं मधली रेघ काढतात, भोकं तिच्या दोन्ही अंगांना सिमेट्रिक करतात, चौथ्या भोकाला ६ चं माप देतात आणि बाकी तिघांना त्याच्याशी इक्वल करून टाकतात. एक आकडा बदलला की चारही बदलतात. ६ चे साडेसहा केले, काम सेकंदात आटोपलं. साहेब खूश.

इतके खूश की म्हणाले, “छान. आता एक भोक काढून टाका, तीनच पुरे.”

“कुठलं काढू, साहेब?”

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. बोट नेमकं चौथ्यावर.