चार्ज कोणाकडे आहे?

‘साहेबांकडे इथला फक्त ॲडिशनल चार्ज आहे.’ हे वाक्य ऐकलं की आता माझं डोकंच फिरतं. तलाठी घ्या, ग्रामसेवक घ्या, गुरांचा दवाखाना घ्या, आमच्या दक्षिण रत्नागिरीत ज्या दारात जावं तिथे खुर्ची रिकामी आणि चार्ज दुसऱ्याकडे. तो दुसरा कुठे असतो? त्याच्या मूळ जागी. मूळ जागी विचारावं तर म्हणे, आज ते चार्जच्या गावाला गेलेत. अरे, मग माणूस आहे तरी कुठे?

वडील गेले, त्यांच्या मागे वारसनोंद करायची होती. जमिनीत हक्क आला की तीन महिन्यांच्या आत कळवा, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४९ सांगतं. आम्ही कळवलं. अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं मुदतीत दिलं. पुढे तलाठ्याने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरायचा, नोटीस काढायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करायची. काम एवढंच. पण मुदत काय ती आम्हालाच! फेरफार धरणारा जागेवर नाही त्याची मुदत कोण मोजणार?

आई माझ्याबरोबर सकाळच्या एसटीने येते. गुडघ्यावर हात ठेवत त्या कार्यालयाच्या जांभ्याच्या पायऱ्या चढते आणि वर दाराला कुलूप. दारावर एक कागद डकवलाय. पावसाच्या झडीने शाई ओघळलीय, मोबाईल नंबरातला शेवटचा आकडा तीन की आठ ते कळत नाही. बाजूच्या दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘सायेब नाय आज. त्यांच्याकडं दोन सजांचा चार्ज हाय.’ सजा म्हणजे एका तलाठ्याची हद्द. परतीची गाडी दुपारी. तोवर आईने त्याच पायरीवर बसायचं.

‘आता सगळं ऑनलाइन आहे की,’ असं मुंबईहून फोनवर ऐकवणारे नातेवाईक आहेतच. हो, आहे. १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. पण त्यावर नाव अजून वडिलांचंच येतं, कारण ते बदलायला शेवटी माणूसच लागतो. तोवर बागेतल्या कलमांना पीककर्ज मागायला गेलं की बँक म्हणते, आधी नाव लावून आणा.

आणि हा चार्ज शब्द मुळात आहे काय? लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल लादणं, आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो चार्ज. कार आणि कार्गो त्याच कुळातले. म्हणजे मूळ अर्थ ओझं. तोफेत एका बाराला भरायची दारू म्हणजे चार्ज, बॅटरीत भरलेली वीज म्हणजे चार्ज, माथी मारलेला आरोप चार्ज, सेवेचा आकारलेला पैसा चार्ज. घोडदळ शत्रूवर तुटून पडतं तोही चार्ज, आपल्याकडे त्यातला लाठीचार्ज तेवढा मुरला. पण मला खरी झोंबते ती इंग्रजीतली एक जुनी रीत. दाईच्या स्वाधीन केलेलं मूल, त्या मुलालाच तिचा ‘चार्ज’ म्हणतात. चार्ज घेतला म्हणजे समोरच्या जिवाची काळजी अंगावर घेतली. ते मूल पडलं तर जाब दाईलाच विचारणार.

आमच्याकडे पैशाचा चार्ज चोख चालतो. बँकेत प्रोसेसिंग चार्ज, एजंटाचा सर्व्हिस चार्ज, त्यात एक दिवस चुकत नाही. विजेच्या बिलावर तर स्थिर आकार, वहन आकार असं शुद्ध मराठीत छापून घेतात, वादळाने लाईट चार दिवस गेली तरी स्थिर आकार स्थिरच. जबाबदारीचा चार्ज आला की मात्र सगळे हात झटकतात. शासनाच्या आदेशात ‘अतिरिक्त कार्यभार’ असा नीट शब्द असतो. त्यात भार आहे, आणि भार कुणाच्या तरी खांद्यावर दिसायला लागतो. म्हणून तो कागदावरच राहतो आणि तोंडाने सगळे चार्ज म्हणतात. तो शब्द पुढे केला की पुढचा प्रश्नच विचारता येत नाही.

त्या पोरसवदा तलाठ्यावर माझा राग नाही. दोन सजांचे घाट चढउतार करून तोही मेटाकुटीला आलाय, त्याची गाडी मी कोसळत्या पावसात चिखलातून ढकलताना पाहिली आहे. माझा राग आहे तो वरच्यांवर, जे पद वर्षानुवर्षं भरत नाहीत आणि ‘चार्ज दिलाय’ म्हणून आपली वही मिटतात. चार्ज दिला म्हणजे माणूस दिला का? एकाच माणसाला दोन गावं वाटून दिलीत, म्हणजे दोन्ही गावांना अर्धवट ठेवलंत. गणपतीत चाकरमानी चार दिवस सुट्टी काढून याच कामासाठी येतात. त्यांनाही हेच ऐकवून परत पाठवता.

पद भरा. ते होईपर्यंत दारावर पावसाला न भिजणारी पाटी लावा, चार्ज कोणाकडे आहे, कोणत्या वारी, किती वाजता, आणि नंबर स्वच्छ आकड्यांत. त्या वारी तो माणूस आला नाही तर कुणाला फोन करायचा, त्या वरच्या साहेबाचं नावही त्याच पाटीवर पाहिजे.