लॅब काढली, लोकांना मोकळं सोडलं की इनोव्हेशन होतं? नाही होत

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणणं असं की मोठ्या कंपन्यांना नवीन काही सुचतच नाही, कोडॅक बघा, झेरॉक्स बघा, त्यामुळे हेड ऑफिसपासून लांब एक लॅब काढा, लोकांना मोकळा वेळ द्या, मॅनेजर लोकांना आत येऊ देऊ नका, बाकी आपोआप होतं. मला हे अजिबात पटत नाही, कारण त्यांचीच उदाहरणं नीट बघितली तर उलटं निघतं.

कॅमेऱ्याचा फिल्म रोल विकणाऱ्या कोडॅकने डिजिटल कॅमेरा दाबून ठेवला म्हणे. स्टीव्ह सॅसन या त्यांच्याच इंजिनिअरने 1975 ला तिथेच प्रोटोटाइप, म्हणजे पहिला चालता नमुना बनवला हे खरं, पण 1991 ला कोडॅकनेच प्रोफेशनल फोटोग्राफर्ससाठी डिजिटल कॅमेरा बाजारात आणला आणि 2005 ला अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात ती एक नंबरला होती. सुचलंही, विकलंही. फक्त फिल्मवर जो नफा सुटायचा तो कॅमेऱ्यात नव्हताच, आणि 2012 ला दिवाळखोरी. फुजीफिल्म या दुसऱ्या फिल्म कंपनीवर तेच संकट आलं होतं, त्यांनी फिल्मचं केमिस्ट्रीचं ज्ञान एलसीडी स्क्रीनच्या फिल्म आणि कॉस्मेटिक्सकडे वळवलं. पैसा कुठे लावायचा हा वरच्यांचा निर्णय असतो, लॅब कितीही लांब नेली तरी.

आणि झेरॉक्सने तर पोस्टमधला सल्ला जसाच्या तसा पाळला होता! 1970 ला हेड ऑफिसपासून पार दुसऱ्या टोकाला, पालो आल्टोला लॅब, हुशार माणसं, भरपूर मोकळीक. 1973 ला माऊस आणि खिडक्यांवाला आल्टो कॉम्प्युटर तयार, पण कंपनीत तो विकायला घेणारं कोणी नव्हतं. त्याच लॅबमधला लेझर प्रिंटर मात्र 1977 ला बाजारात आला आणि झेरॉक्सने त्यावर बक्कळ कमावलं, कारण कॉपियरचा धंदा आधीच होता, सेल्सची माणसं होती, गिऱ्हाईक होतं. लॅब एकच, फरक पुढे घेणाऱ्याचा.

मोकळ्या वेळेचं म्हणाल तर थ्रीएम कंपनीचा 15 टक्केवाला नियम, म्हणजे कामाचा तेवढा वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा, 1948 पासूनचा. पोस्ट-इटचा, म्हणजे चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांचा गोंद तिथल्या स्पेन्सर सिल्व्हरला 1968 ला सापडला, तिथल्याच आर्ट फ्रायला त्याचा वापर 1974 ला सुचला, आणि अमेरिकाभर विक्री सुरू व्हायला 1980 उजाडलं. मधे 1977 ची बाजारातली चाचणी फसली होती. तरी कोणीतरी परत पैसे मंजूर केले, मग बॉइझी शहरात फुकट सॅम्पल वाटले आणि लोकांनी पुन्हा मागितले. फसल्यावर दुसरी संधी कोण देतं हे मला त्या 15 टक्क्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं. जीमेल पण गूगलच्या अशाच 20 टक्के मोकळ्या वेळेतून आलं असं सांगतात, पण ते बनवणाऱ्या पॉल बुखाइटला ते काम कंपनीनेच दिलेलं होतं.

वेगळी टीम कधीच चालत नाही असं नाही. लॉकहीड या विमान कंपनीच्या स्कंक वर्क्स नावाच्या वेगळ्या टीमने 1943 ला जेट विमानाचा प्रोटोटाइप 143 दिवसांत बनवला, पण तिथे अमेरिकन हवाई दल घ्यायला तयार उभं होतं.

राहिला मॅनेजरचा मुद्दा. आयबीएमने 2000 च्या सुमारास नवीन धंदे उभे करायचा प्रोग्रॅम काढला तेव्हा मुद्दाम मुरलेले, मोठे धंदे सांभाळलेले लोक त्यावर बसवले, कारण कंपनीतून माणसं आणि बजेट कसं सोडवून आणायचं हे त्यांनाच माहीत होतं.