फरक वेदीपाशी कळतो

लेखात अमेरिकेतल्या लूथरन (मार्टिन लूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चचे 'उदारमतवादी' आणि 'सनातनी' असे दोनच गट केलेत, ते पटलं नाही. खरा फरक प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी कळतो. १९८८ साली तीन संस्था मिळून उभ्या राहिलेल्या ईएलसीएत (इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिका) बाप्तिस्मा झालेल्या पाहुण्याला सहसा भाकर आणि द्राक्षारस मिळतो. मिसूरी सिनॉड या दुसऱ्या लूथरन संघटनेत उपासनेआधीच पाळकांना भेटून विचारावं. न विचारता रांगेत उभं राहिलात तर नुसत्या आशीर्वादावर परतावं लागेल, आणि तो अपमान मुळीच नसतो. तिसरी संघटना, विस्कॉन्सिन सिनॉड, त्याहून कडक: शिकवणीत एकमत नसेल तर एकत्र प्रार्थनाही नाही. याच वादात १९६१ साली त्यांनी मिसूरीशी संबंध तोडले. या तिघांत स्त्रिया पाळक फक्त ईएलसीएत. मुलांच्या दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीचा) पाया मात्र तिन्हीकडे लूथरची १५२९ ची छोटी प्रश्नोत्तरावलीच. पाठांतराचा आग्रह तेवढा कमीजास्त.