“फॉरमॅट मारलाय” म्हणे!

जुना कॉम्प्युटर विकताना “फॉरमॅट मारलाय” एवढं म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. पण साध्या क्विक फॉरमॅटने हार्ड डिस्कवरच्या फायली जात नाहीत. कुठली फाइल कुठे ठेवलीय, ती नोंद तेवढी जाते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत फोटो, स्कॅन, एक्सेल शीट तिथेच असतात. फोटोरेकसारखं फुकटचं सॉफ्टवेअर ते बाहेर काढतं. त्यासाठी कुणी मोठा हॅकर लागत नाही, एक रिकामा रविवार पुरतो.

मला चिंता तुमच्या लॅपटॉपची नाही. फोनचं तर आता बरंच बरं आहे, अलीकडचे फोन एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे आतली माहिती सांकेतिक कुलपात असते, आणि फॅक्टरी रिसेट केला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. (मेमरी कार्ड मात्र आठवणीने काढा.) चिंता आहे ती दुसऱ्यांच्या डिस्कवर पडलेल्या आपल्या माहितीची. सीए, पॅथॉलॉजी लॅब, भाडेकराराचा एजंट, आणि ज्याला आपण व्हॉट्सॲपवर बिनधास्त आधार पाठवतो तो झेरॉक्सवाला.

झेरॉक्सच्या मोठ्या डिजिटल मशीनमध्येही बहुधा हार्ड डिस्क असते, हे किती जणांना ठाऊक आहे? 2010 मध्ये अमेरिकेत सीबीएसच्या बातमीदारांनी वापरलेली मशीनं विकत घेऊन तपासली. एकात न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेकडची लोकांची वैद्यकीय माहिती निघाली. लीज संपली, मशीन परत गेलं, डिस्क कुणी पुसलीच नव्हती. 3,44,579 जणांना झळ बसली असावी, असा अंदाज संस्थेनेच दिला आणि 2013 मध्ये 12 लाख डॉलरहून जास्त भरून प्रकरण मिटवलं. वापरलेली परदेशी मशीनं आपल्याकडेही सर्रास येतात, हे लक्षात घ्या.

मॉर्गन स्टॅनली या बड्या अमेरिकी बँकेने तर डेटा सेंटरमधली यंत्रं काढायला सामान हलवणारी कंपनी नेमली, जिला डेटा नष्ट करण्याचा काडीचा अनुभव नव्हता. ग्राहकांची माहिती असलेली काही यंत्रं न पुसताच ऑनलाइन लिलावात विकली गेली. 2022 मध्ये दंड झाला 3.5 कोटी डॉलर.

आपल्याकडे 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे. काम संपलं की माहिती पुसा असं तो सांगतो, सुरक्षेत कसूर केल्यास 250 कोटींपर्यंत दंडही आहे. पण गल्लीतल्या लॅबचा जुना पीसी भंगारात जाताना बघायला कोण उभं असतं?

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर आता निघणार आहे. सभासदांचे पॅन, भाडेकरूंचे करार, सगळं त्यात. सेक्रेटरी म्हणतात, भंगारवाला चांगला भाव देतोय. देऊ दे की! डिस्क आधी बाहेर काढा, समोर भोकं पाडा, मग खुशाल विका. दोनशे रुपये कमी आले तर ते माझ्या मेंटेनन्समध्ये लावा.