‘एक सातारकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

सातारकर साहेब, नमस्कार.

इंग्रजी कोशांतल्या व्याख्या सोप्या हव्यात, असं मांडणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सोपी व्याख्या म्हणजे अर्धवट व्याख्या. शास्त्रातल्या शब्दांना सोपेपणा परवडत नाही. शास्त्रानुसार स्ट्रॉबेरी बेरीच नाही. मोठ्या कोशांमागे तज्ज्ञ असतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश आणि कोबिल्ड हा इंग्रजी शिकणाऱ्यांचा कोश मी गाळले. शीर्षक सवंग. आणि शेवटी हे वाक्य: ‘शिकवणीवाल्यांना पोरांना कळलं की झालं, खरं काय याच्याशी देणंघेणं नसतं.’

शीर्षकाचं मान्य. ‘कोशवाल्यांची दादागिरी’ भडक होतं, बदललंय.

आता शिकवणीवाल्यांबद्दल. मी विश्रामबागेत इंग्रजीची शिकवणी घेतो, हे लेखातच लिहिलंय. तुम्ही काय करता ते कळलं नाही, कारण तुम्ही नावसुद्धा दिलेलं नाही. असो. मतभेद असायला हरकत नाही, पण ही बोलायची तऱ्हा कुठली? सोपं करून सांगणारा तो फसवणारा, हे गृहीत धरूनच तुम्ही लिहायला बसलात.

माझ्याकडे तासगाव, कवठेमहांकाळची बागायतदारांची मुलं येतात. एकाने द्राक्षाच्या एक्स्पोर्टचा कागद आणला होता, त्यात ‘बेरी साइज’ मिलिमीटरमध्ये दिलेली. घरी सगळे ‘मणी’ म्हणतात. त्याच्या छोट्या कोशात बेरी म्हणजे लहान, गोल, रसाळ फळ, एवढंच. ‘सर, द्राक्ष बेरी कसं? बेरी म्हणजे स्ट्रॉबेरी ना?’ त्याला मी ‘एकाच अंडाशयापासून तयार झालेलं, मांसल फलभित्तीचं साधं फळ’ असं ऐकवलं असतं, तर तुम्ही खूश झाला असता आणि तो वही मिटून घरी गेला असता. मी आधी त्याच्या कोशातलाच अर्थ धरला. मग सांगितलं, की वनस्पतिशास्त्रवाले आकार बघत नाहीत, फुलाच्या कुठल्या भागाचं फळ झालं ते बघतात. फुलातल्या अंडाशयाचाच सगळा गर झाला आणि बिया त्या गरात राहिल्या, की बेरी. म्हणून द्राक्ष बेरी, टोमॅटो बेरी, केळंसुद्धा बेरी. आणि तुमच्या महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नाही, कारण तिचा गर म्हणजे फुगलेलं पुष्पासन, म्हणजे देठाचं ते टोक ज्यावर फूल बसलेलं असतं. वर चिकटलेले बारीक दाणे हीच तिची खरी फळं. पोराला कळलं, आणि खोटं एक अक्षर सांगितलं नाही. देणंघेणं नसतं म्हणे!

मेरियम-वेबस्टर हा अमेरिकी कोश तरी वेगळं काय करतो? बेरीचे दोन अर्थ शेजारी शेजारी. एकात स्ट्रॉबेरी येते, ‘रचना कशीही असो’ अशी पुस्ती जोडून. दुसऱ्यात द्राक्ष, टोमॅटो, केळं. बाजारातला अर्थ चुकीचा आहे असं त्या संपादकांनी म्हटलेलं नाही. ते तुम्ही म्हणताय.

माझ्या लेखातल्या ‘डोअर’च्या व्याख्येला तुम्ही काटेकोर म्हणालात. वेबस्टरच्या १९६१च्या तिसऱ्या आवृत्तीतली ती व्याख्या बिजागरीवर फिरणाऱ्या दारापासून निघते, सरकणारं, वर गुंडाळलं जाणारं, चार पाखांचं, घड्या पडणारं अशी सगळी दारं घेत विमान आणि लिफ्टपर्यंत जाते. ज्याला डोअर माहीत नाही त्याला त्यातला ‘पिव्हट’ माहीत असणार? समजावणारे शब्द मूळ शब्दापेक्षा सोपे हवेत, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहिलंय. असे शब्द दर वेळी सापडत नाहीत, हेही त्याने तिथेच म्हटलंय, आणि ‘नेटवर्क’ची व्याख्या करताना त्याचीच भंबेरी उडाली, ती वाचून आजही लोक हसतात. पण नियम खोटा ठरत नाही. लाँगमन प्रकाशनाने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या कोशात १९७८ साली सुमारे दोन हजार शब्दांत व्याख्या बसवून दाखवल्या. तेही शिकवणीवालेच म्हणायचे का?

तज्ज्ञांचा धाक मला घालू नका. १९३४च्या वेबस्टरमध्ये ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ घनता. असा शब्दच नव्हता. रसायनशास्त्राच्या संपादकाने चिठ्ठीवर ‘डी ऑर डी’ लिहिलं होतं, म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी. पुढच्या हातांनी ते जोडून टाकलं. कोशवाल्यांच्या लक्षात आलं १९३९मध्ये.

ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ ते १९२८ असा भागाभागाने निघाला, शब्दांचा इतिहास सांगायला. माझा लेख इतिहासावर नव्हता. कोबिल्ड १९८७चा; तो अख्ख्या वाक्यात व्याख्या देतो, म्हणजे माझ्याच बाजूचा.

लेख काढून टाकण्याची तुमची सूचना मिळाली. काढणार नाही. ‘डोअर’चा परिच्छेदही आहे तसाच राहील. पुढच्या वेळी नावानिशी लिहा, म्हणजे ‘साहेब’ म्हणायचं की ‘सर’, ते तरी ठरवता येईल.