रिपोर्ट नॉर्मल, मग थकवा कसला?

तरुणांच्या कंबरदुखीवरचा एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांमधून पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे बदलतात, सूर तोच असतो. पंचविशी-तिशीत कंबर धरते आणि सारखं गळून गेल्यासारखं वाटतं, ते मोबाइल, जागरणं आणि आळसामुळे. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असतील तर आजार नाही. चार दिवस पडून राहा, बरं वाटेल. आणि महागडी इंजेक्शनं घेऊनही थकवा जात नसेल तर तो मनाचा खेळ.

साध्या कंबरदुखीला यातलं काही लागू पडतही असेल. पण मला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस आहे, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात. हा मेसेज आमच्यासारख्यांच्या घरी पोचला की सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या हाती एक निकाल पडतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आळसाचा आरोप आधी. हा आजार बहुतेकांना पंचेचाळिशीच्या आतच गाठतो, बऱ्याचदा कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत असताना. कणा जिथे कमरेच्या हाडांना जोडलेला असतो, ते सांधे सुजतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं तयार होत राहतात. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, उठावंसं वाटत नाही, त्यातही अशाच रसायनांचा हात असतो. फ्लू आठवड्यात उतरतो, हा दाह वर्षानुवर्षं राहतो. दीर्घकाळच्या दाहाने हिमोग्लोबिनही खाली येतं.

त्यात रात्रीची भर. हे दुखणं मध्यरात्र उलटल्यावर वाढतं. तीन-साडेतीनला जाग येते. कूस बदलायची तर गादीची कड घट्ट धरायची, आधी खांदे वळवायचे, मग श्वास रोखून कंबर. शेवटी उठून हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या की पाठ थोडी सैल होते, तोवर झोप उडालेली असते. सकाळी पुन्हा अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी. ज्याने ही रात्र काढली आहे, त्याला दुपारी ऑफिसात डुलकी येते तेव्हा लोक मोबाइलला दोष देतात.

डॉक्टरांनी हा थकवा केव्हाच हिशेबात धरला आहे. इंग्लंडमधल्या बाथ इथल्या तज्ज्ञांनी १९९४ साली या आजाराची तीव्रता मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिला बॅसडाय म्हणतात आणि ती आजही जगभर वापरली जाते. प्रश्न सहाच, प्रत्येकाला ० ते १० गुण. त्यातला पहिलाच प्रश्न गेल्या आठवड्यातल्या थकव्याचा आहे, पाठ-मानेच्या दुखण्याचा नंबर दुसरा. सगळ्याची सरासरी काढून येणारा अंक ४ किंवा त्याहून जास्त आला की आजार सक्रिय मानतात. नंतर आलेल्या आणखी एका प्रश्नावलीत १७ विधानं आहेत. गळून जाणं, रात्रीची झोप, केस धुताना होणारी अडचण, लक्ष न लागणं, पैशांची ओढाताण, सगळं त्यात आहे. केस धुण्याचं विधान वाचून मला भरून आलं होतं. हात वर धरून डोकं चोळायचं म्हणजे काय, हे कुणीतरी विचारत होतं.

आता रिपोर्ट. सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या तपासण्या या आजारात पुष्कळ जणांच्या नॉर्मल येतात, दुखणं भरात असतानाही. एक्स-रेवर बदल दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात. एमआरआयमध्ये सूज आधी दिसते, पण तो काढायला सांगण्याआधी डॉक्टरच्या मनात संशय यावा लागतो. एचएलए-बी२७ या जनुकाचा या आजाराशी संबंध १९७३ मध्येच लक्षात आला, तरी ते असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि ते नसलेल्या काहींना होतो. म्हणजे एका कागदावरून निकाल लागत नाही. बायकांचे हाल जास्त. हा पुरुषांचा आजार अशी समजूत इतकी वर्षं चालली, की त्यांचं निदान उशिरा होतं. थकवा मात्र सरासरीने त्याच जास्त सांगतात, आणि घरकामाने दमली असेल म्हणून तो उडवून लावला जातो.

पडून राहा, हा त्या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. या दुखण्याची ओळखच ही, की विश्रांतीने ते वाढतं आणि हालचालीने कमी होतं. चार दिवस झोपून काढले की पाठ आणखी आखडते, स्नायू ढिले पडतात, आणि मग जिना चढतानाही धाप लागते. दमलेल्या माणसाला व्यायाम कर म्हणणं क्रूर वाटतं, मलाही वाटतं. तरी वाईट दिवशीसुद्धा थोडं चालणं आणि पाठीला ताण देण्याचे व्यायाम सोडायचे नाहीत. चांगल्या दिवशी मात्र उत्साहाच्या भरात अख्खं घर आवरायला काढायचं नाही. त्याची किंमत पुढचे दोन दिवस मोजावी लागते.

इंजेक्शनांबद्दल थोडं सावकाश सांगते. टीएनएफला रोखणाऱ्या बायोलॉजिक औषधांनी अनेकांचं आयुष्य बदललं. डिसेंबर २०१४ मध्ये त्यातल्याच अडॅलिमुमॅब या औषधाची भारतीय बनावटीची आवृत्ती आली आणि ती तुलनेने स्वस्त पडू लागली. आपल्याकडे ही औषधं सुरू करण्याआधी सुप्त, म्हणजे शरीरात दडून बसलेल्या टीबीची तपासणी टाळून चालत नाही. या औषधांनी दुखणं आणि ताठरपणा बऱ्यापैकी उतरतो. थकवाही कमी होतो, पण बऱ्याच जणांचा पूर्ण जात नाही. कारण त्याचा उगम एकट्या दाहात नसतो. मोडलेली झोप, रक्त कमी असणं, थायरॉइड, सवय गेलेले स्नायू, नैराश्य, यातलं काहीही मागे उरलेलं असू शकतं.

नैराश्य असलं तरी थकवा खोटा ठरत नाही. दोन्हींवर उपचार लागतात. ब्रिटनमध्ये दाहक संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार आटोक्यात होता, तरी थकवा जात नव्हता, असे हे लोक. काहींना प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी फोनवरून त्यांच्यापुरता आखलेला व्यायाम दिला, काहींना विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन. नेहमीच्या उपचारांवरच राहिलेल्यांपेक्षा दोन्ही गटांचा थकवा कमी झाला, आणि तो फरक वर्षभरानंतरही टिकून होता.

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना नुसतं दमायला होतं म्हणू नका. गेल्या आठवड्याचा थकवा १० पैकी किती, रात्री कितीला जाग येते, सकाळी पाठ सुटायला किती वेळ लागतो, हे लिहून न्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं का, ते विचारा. आणि कंबरदुखी तीन महिन्यांहून जास्त चालली असेल, पहाटे उठवत असेल आणि चालल्यावर कमी होत असेल, तर संधिवाततज्ज्ञाकडेच जा, रिपोर्ट नॉर्मल असले तरी.