डब्यातला ओला बोळा

आज सकाळी आईला बी-12 चे इंजेक्शन देण्यासाठी तालुक्याच्या एका दवाखान्यात नेले होते आणि परत आल्यापासून डोके ठिकाणावर नाही. सिस्टरने आधीच्या रुग्णाकडून पैसे घेतले, सुटे परत केले, त्याच बोटांनी स्टीलच्या डब्यात स्पिरिटमध्ये भिजत पडलेला कापसाचा बोळा उचलला, आईच्या दंडावर दोनदा पुढे-मागे फिरवला आणि कातडी ओली असतानाच सुई टोचली. "ताई, हात धुऊन कोरडा कापूस घेता का?" असे मी विचारले, तर म्हणाली, "काका, रोजचंच आहे हे, काही होत नाही."

काही होत नाही! 1998 च्या खरिपात वडील काळ्या रानातून तसेच दवाखान्यात गेले, तापासाठी कमरेत इंजेक्शन घेतले आणि ते पिकले. 'सुई पिकली' असे आपल्याकडे इतक्या सहज म्हणतात, की जणू तो नशिबाचाच भाग आहे. चिरा देऊन पू काढावा लागला, जखमेत रोज गॉजची वात भरत वडील 22 दिवस पालथे पडून होते आणि रब्बीची ज्वारी चुलत्यांनी पेरली. ते गळू अशाच ओल्या बोळ्यामुळे झाले, हे मी सिद्ध करू शकत नाही. ठीक आहे.

पण जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्येच सांगितले आहे, की कापसाचे बोळे डब्यात भिजवून ठेवू नयेत, कारण हातांचे आणि भोवतालचे जंतू त्यांतच साठतात. स्पिरिटमध्ये अल्कोहोल 60 ते 70 टक्के असावे, मध्यापासून बाहेरच्या बाजूला 30 सेकंद पुसावे आणि पुढे 30 सेकंद कातडी वाळू द्यावी. एवढेच. लसीसाठी स्पिरिट लागत नाही, साबण-पाण्याने स्वच्छ केलेली कातडी पुरते, असेही तिथेच म्हटले आहे, हे मान्य. पण म्हणून बरबटलेला बोळा फिरवावा, असे कुठे लिहिले आहे? आणि मातीने भरलेली कातडी नुसत्या स्पिरिटने स्वच्छ होत नाही, ती आधी धुवावी लागते. वडिलांना त्या दिवशी कोणी तांब्याभर पाणी दिले नाही. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात पाण्याचे मोल मला कोणी शिकवू नये. तरी एका तांब्याने कोणाची विहीर आटत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. ती मुलगी विशीतली असेल. केसपेपर, पैसे आणि सुया सारे तिच्याच अंगावर होते आणि बेसिनवर साबणच नव्हता. तिला कोणी शिकवले असेल असे वाटत नाही. आत बसलेल्या डॉक्टरांना मात्र हे सारे ठाऊक आहे आणि तो डबा त्यांच्या टेबलापासून चार हातांवर आहे. त्यांना मी माफ करणार नाही.

परवा आईचे दुसरे इंजेक्शन आहे. औषधाच्या दुकानातून पाकीटबंद स्वॅब आणि साबणाची वडी आणून पिशवीत ठेवली आहे. आई म्हणते, "डॉक्टर चिडतील रे." चिडू देत.